टोक सारखं मोडतंय? पेन्सिल बदलण्याआधी शार्पनर बघा

सहावीतला एक मुलगा क्लासमध्ये ६बी पेन्सिलीने मडक्याची सावली भरत होता. दर पाच मिनिटांनी टोक मोडायचं. तो उठायचा, कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन टोक काढायचा आणि परत येऊन बसायचा. "हात हलका ठेव" म्हणून मी त्याला दोनदा रागावले. तिसऱ्या वेळी त्याच्या हातातला शार्पनर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पात्याच्या धारेला मधोमध बारीक खाच पडली होती. मऊ शिसं त्या खाचेत अडकायचं आणि पेन्सिल फिरवली की तुटायचं. त्याच्या हाताचा काहीच दोष नव्हता. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, माझा शार्पनर दिला, आणि मडकं त्याच बैठकीत पूर्ण झालं.

ठाण्यात नौपाड्याला मी चित्रकलेचे वर्ग घेते. पावसाळा सुरू झाला की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं येऊ लागतात. त्यांच्या कंपासपेटीतून मी सगळ्यात आधी शार्पनर बाहेर काढायला लावते. कोणी त्याला टोकयंत्र म्हणतं, गावाकडून आलेली आजी गिरमिट म्हणते. नाव काहीही असो, पालक पेन्सिली निवडून घेतात आणि शार्पनर मात्र पेन्सिलींच्या डबीबरोबर फुकट आलेला वापरतात. तो फुकटचा शार्पनर साध्या एचबी पेन्सिलीला पुरेसा असतो. त्याच शार्पनरमध्ये रंगीत पेन्सिल, ८बी, चारकोल आणि लहान भावाची जाडी पेन्सिल घातली की रडारड सुरू होते.

पहिली पायरी: पेन्सिल मोजा

दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्या पेन्सिली टेबलावर काढा. प्रत्येक पेन्सिलीबद्दल तीन गोष्टी कळायला हव्यात: बाहेरची जाडी, आतल्या शिशाची जाडी आणि शिसं कडक आहे की मऊ.

शाळेतली नेहमीची षटकोनी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यातलं शिसं साधारण २ मिलिमीटरचं. चांगल्या रंगीत पेन्सिली थोड्या जाड, साडेसात ते आठ मिलिमीटरच्या असतात, आणि त्यांच्यातली रंगाची कांडी ३ ते ४ मिलिमीटर भरते. बालवाडीतल्या मुलांच्या जंबो पेन्सिली १० मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतात. पट्टीने गोल वस्तूची जाडी नीट मोजता येत नाही. त्यासाठी कागदाची बारीक पट्टी पेन्सिलीभोवती एकदा गुंडाळा, जिथे वेढा पूर्ण होतो तिथे खूण करा आणि ती लांबी मोजा. २२ मिलिमीटर भरली तर पेन्सिल ७ मिलिमीटरची, २५ भरली तर ८ ची, ३१ च्या पुढे गेली तर १० ची. गोल पेन्सिलीला हा हिशेब बरोबर लागतो, आणि षटकोनी किंवा त्रिकोणी पेन्सिलीलाही दुकानात सांगण्यापुरता अंदाज मिळतो.

मग पेन्सिलीची मागची, न तासलेली बाजू बघा. शिसं बरोबर मध्यावर आहे का? ते एका अंगाला सरकलेलं असेल तर जगातला कुठलाही शार्पनर त्या पेन्सिलीला नीट टोक काढू शकणार नाही. एका बाजूने शिसं उघडं पडेल आणि दुसऱ्या बाजूने लाकूड टोकापर्यंत चढेल. अशी पेन्सिल दुकानातच परत ठेवायची. पाकीट बंद असलं तरी काही खोक्यांना एका टोकाला खिडकी असते, तिच्यातून हे दिसतं.

कडक-मऊपणाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. आपण शिसं म्हणतो खरं, पण पेन्सिलीत शिसं नावाचा धातू नसतो. ग्रॅफाइट आणि माती एकत्र मळून भट्टीत भाजलेली ती कांडी असते. ही पद्धत फ्रान्समधल्या निकोला-जाक कोंते यांनी शोधली आणि १७९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. माती जास्त असली की कांडी कडक होते आणि रेघ फिकट उमटते, ती एच, २एच. ग्रॅफाइट जास्त असलं की कांडी मऊ आणि रेघ काळी, ती २बी, ६बी, १०बी. रंगीत पेन्सिलीची कांडी रंगद्रव्य, मेण किंवा तेल आणि चिकटवण्याच्या द्रव्यांची असते आणि ती अशी भट्टीत भाजत नाहीत. म्हणून ती जात्याच नाजूक असते. ग्रॅफाइटला सोसणारी धार आणि कोन तिला सोसत नाही.

दुसरी पायरी: कोन समजून घ्या

शार्पनरच्या भोकाचा आकार सगळे बघतात, कोन कोणी बघत नाही. आणि टोक टिकणार की मोडणार हे कोनच ठरवतो.

साध्या शार्पनरमधून पेन्सिलीचा जो शंकू तयार होतो त्याचा कोन साधारण २३ अंशांचा असतो. जाड रंगीत पेन्सिलींसाठी केलेल्या भोकाचा कोन ३० अंशांच्या आसपास, आणि लांब टोकाच्या शार्पनरचा १८ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी. कोनमापक लावायची गरज नाही. ७ मिलिमीटरच्या पेन्सिलीला टोक काढा आणि जिथून रंग संपून लाकूड सुरू होतं तिथपासून टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. १७ मिलिमीटरच्या जवळपास भरलं तर कोन २३ अंशांचा. १३ भरलं तर ३० चा. २२ च्या पुढे गेलं तर तो लांब टोकाचा शार्पनर आहे. हातातल्या कुठल्याही शार्पनरची कुंडली एका मिनिटात कळते.

याचा शिशावर काय परिणाम होतो ते बघा. २३ अंशांच्या शार्पनरमध्ये एचबीचं २ मिलिमीटरचं शिसं जेमतेम ५ मिलिमीटर बाहेर येतं. त्याच शार्पनरमध्ये ४ मिलिमीटर कांडीची रंगीत पेन्सिल घातली तर जवळजवळ १० मिलिमीटर कांडी लाकडाच्या आधाराशिवाय उघडी पडते. मेणाची, न भाजलेली, एक सेंटीमीटर उघडी कांडी मुलाच्या हातात टिकेल का? ३० अंशांच्या भोकात तीच कांडी साडेसात मिलिमीटर उघडी राहते आणि टोकापासून लवकर जाड होत जाते. फरक दिसायला किरकोळ आहे, पण आकाश रंगवताना निळ्या पेन्सिलीचं टोक तीन वेळा मोडणं आणि एकदाही न मोडणं, एवढा तो पडतो.

म्हणून नियम असा: शिसं कडक आणि बारीक तर लांब टोक चालतं; शिसं मऊ किंवा जाड तर आखूड, रुंद टोक हवं.

तिसरी पायरी: कुठल्या पेन्सिलीला काय

रोजच्या लिखाणाची एचबी किंवा २बी: एका भोकाचा साधा शार्पनर पुरतो, फक्त अंग धातूचं घ्या. प्लास्टिकच्या अंगात पातं धरणारा स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो, पातं किंचित उचलतं आणि लाकूड कातण्याऐवजी फाटायला लागतं. धातूच्या अंगात स्क्रूला पकड राहते. डबीवाले शार्पनर, म्हणजे भुगा आतच साठवणारे, शाळेसाठी सोयीचे आहेत हे मान्य. पण त्यात पातं दिसत नाही आणि डबी भरली की भुगा भोकात परत चढतो. मी मुलांना उघडा धातूचा शार्पनर आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी जवळ ठेवायला सांगते.

एच, २एच आणि भूमितीचा पेपर: इथे लांब टोकाचा शार्पनर शोभतो. काही शार्पनरमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या भोकात फक्त लाकूड तासलं जातं, दुसऱ्या भोकात फक्त शिशाला टोक येतं. जर्मनीतल्या कुम कंपनीचा असा शार्पनर कलासाहित्याच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. रेघा बारीक येतात आणि टोक बराच वेळ टिकतं, कारण शिसं कडक आहे. सातवीपेक्षा लहान मुलाला मात्र तो देऊ नका. त्या वयात हाताचा दाब जास्त असतो आणि सुईसारखं टोक पहिल्याच रेघेला जातं.

भूमितीत एक गोष्ट शार्पनरने करूच नये. कंपासमध्ये लावायच्या छोट्या पेन्सिलीला गोल टोक नको. ते दोन वर्तुळांत बोथट होतं आणि रेघ जाड व्हायला लागते. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा, शिसं बाहेरच्या बाजूने तिरकं घासा आणि त्याला पटाशीसारखी चपटी धार काढा. कंपासची सुई शिशापेक्षा किंचित पुढे ठेवा. इंटरमिजिएटची मुलं हे शिकली की त्यांची वर्तुळं एकदम स्वच्छ येतात.

४बी ते १०बी: या पेन्सिलींसाठी मी जास्त वेळ देते, कारण सगळं छायांकन यांच्यावर असतं आणि सगळ्यात जास्त वाया याच जातात. शिसं मऊ असतंच, शिवाय अनेक कंपन्या या पेन्सिलींत ते जाडही घालतात. यांना दोन भोकांच्या शार्पनरमधलं मोठं भोक वापरावंसं वाटतं, पण पेन्सिलीचं बाहेरचं अंग बारीक असेल तर ती मोठ्या भोकात डुगडुगते आणि टोक तिरकं येतं. म्हणून इथे भोक साधंच, पण पातं नवं कोरं हवं. माझ्या डब्यात मऊ पेन्सिलींचा एक वेगळा शार्पनर आहे. त्यात दुसरं काही घालायची कोणालाही परवानगी नाही. त्याचं पातं बोथट झालं की ते एचबीच्या शार्पनरला जातं आणि तिथे आणखी काही महिने निभावतं. शिवाय मऊ पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचा आग्रह धरू नका. टोक अजून थोडं बोथट आहे असं वाटत असतानाच थांबा आणि उरलेलं पॉलिश पेपरवर फिरवून घ्या.

चारकोल आणि पेस्टल पेन्सिली: यांना शार्पनर लावू नका, हे माझं ठाम मत आहे. पातं कांडीला पिळतं, आणि दाबून तयार केलेली ती ठिसूळ कांडी पीळ सहन करत नाही. फ्रान्सच्या बर्नार लासिमोन यांनी १८२८ मध्ये टोक काढण्याच्या यंत्राचं पहिलं पेटंट घेतलं. त्याआधी सगळं जग चाकूनेच पेन्सिल तासत होतं, आणि चारकोलसाठी आजही तीच रीत उत्तम आहे. पेन्सिल डाव्या हातात, टोक आपल्यापासून लांब. कटर उजव्या हातात, पण तो जागेवर स्थिर. जोर द्यायचा तो डाव्या अंगठ्याने, पात्याच्या पाठीवर, पुढच्या दिशेने. एका वेळी लाकडाचा पातळ पापुद्रा निघेल एवढंच. पेन्सिल थोडी थोडी फिरवत दोन सेंटीमीटर लाकूड उतरवायचं, कांडीला कटर लागू द्यायचा नाही, आणि शेवटी कांडी पॉलिश पेपरवर गोल फिरवून टोक आणायचं. डावखुऱ्यांनी हात उलट करायचे. आठवीच्या खालच्या मुलांच्या हातात कटर देत नाही. त्यांच्या चारकोल पेन्सिली मी स्वतः तासून देते.

रंगीत पेन्सिली: दोन भोकांचा धातूचा शार्पनर घ्या, ज्याचं मोठं भोक १० मिलिमीटरच्या वर आहे. साडेसात-आठ मिलिमीटरची रंगीत पेन्सिल लहान भोकात नीट बसत असेल पण टोक सारखं मोडत असेल, तर मोठ्या भोकात तिला सरळ धरून हलक्या हाताने फिरवून बघा. आखूड शंकू मिळतो. डुगडुगली तर मात्र लहान भोकाकडे परत या आणि टोक पूर्ण निघायच्या आत थांबायची सवय लावा. मेणाचा थर पात्यावर जमत जातो. दर दहा-बारा पेन्सिलींनंतर एखादी साधी एचबी पेन्सिल दोन-तीन वेळा फिरवा. तिचं कोरडं लाकूड बराचसा थर काढून नेतं. पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली ओल्या असताना कधीही तासू नका. कांडीचा गोळा होतो आणि भोक बंद पडतं. रात्रभर सुकू द्या.

बालवाडीच्या जंबो पेन्सिली: ११ मिलिमीटर भोकाचा शार्पनर लागतो. दुकानात पेन्सिल बरोबर नेऊन घालूनच बघा, कारण कंपनीगणिक जाडी बदलते. त्रिकोणी पेन्सिलीच्या शंकूच्या कडेला लाटेसारखी नक्षी येते. तो दोष नाही, आकारच तसा आहे.

वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधल्या चमकत्या पेन्सिली: वरचा रंग नसून प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळलेला असतो. तो पात्यात अडकतो, लांब फितीसारखा निघतो आणि चांगल्या शार्पनरची धार घालवतो. नखाने किंवा कटरने पुढचा दोन सेंटीमीटर कागद सोलून काढा आणि मगच शार्पनर लावा. रद्दी कागदाच्या गुंडाळीपासून केलेल्या पेन्सिलींचं उलटं आहे. त्यांना बोथट पातं चालत नाही, कागदाचे पदर सुटून झिपऱ्या होतात. पातं धारदार असेल तर त्या लाकडी पेन्सिलीइतक्याच छान तासल्या जातात.

सुतारकामाची चपटी पेन्सिल गोल भोकात जातच नाही. सुतार ती पटाशीने तासतात आणि घरी आपण कटरने तासावी. डोळ्यांच्या काजळ-पेन्सिलीसाठी वेगळा स्वच्छ शार्पनर ठेवा. कंपासपेटीतला तिथे नको आणि तिथला कंपासपेटीत नको. ग्रॅफाइटचा भुगा डोळ्यात जाणं बरं नाही.

डावखुऱ्या मुलांसाठी: नेहमीचा शार्पनर उजव्या हाताने पेन्सिल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवण्यासाठी केलेला असतो. डाव्या हाताला ते मनगट आत वळवून करावं लागतं. पातं उलट बाजूला बसवलेले डावखुरे शार्पनर मिळतात, पण इथल्या नेहमीच्या दुकानात क्वचितच, म्हणून ऑनलाइन मागवावे लागतात. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे पेन्सिल डाव्या हातात स्थिर धरायची आणि उजव्या हाताने शार्पनर फिरवायचा.

चौथी पायरी: दुकानात काय तपासायचं

गोखले रोड असो की जांभळी नाक्याकडची गल्ली, स्टेशनरीच्या दुकानात शार्पनर बरणीत भरलेले असतात आणि दुकानदार हात घालून एक काढून देतो. त्याला सांगा, "काका, तीन-चार दाखवा, मी बघून घेते." एकाच बरणीतले चार शार्पनर चार तऱ्हेचे असतात.

शार्पनर उजेडाकडे धरून भोकातून बघा. पात्याची धार वरपासून खालपर्यंत सलग चमकली पाहिजे. मध्ये काळा ठिपका किंवा खाच दिसली तर बाजूला ठेवा. नखाने पातं हलवून बघा, ते हलता कामा नये. स्क्रूचं डोकं झिजलेलं नसावं, कारण पुढे तोच स्क्रू तुम्हाला उघडायचा आहे. मग घरून नेलेली पेन्सिल घालून दोन फेरे फिरवा आणि साल बघा. साल पंख्यासारखी सलग निघाली तर पातं धारदार आहे. तुकडे पडले किंवा नुसता भुगा पडला तर पातं बोथट आहे. शिशाचा शंकू बोटाने चाचपा. गुळगुळीत लागला पाहिजे, त्यावर गोल चरे नकोत.

टोक तिरकं आलं तर दोष कोणाचा हे ठरवायला दुसरी पेन्सिल घाला. तीही तिरकी आली तर शार्पनर खराब. ती सरळ आली तर पहिली पेन्सिल खराब. एवढं केलं की दुकानदाराशी वादच होत नाही.

लाकडाचाही यात वाटा आहे. आपल्याकडच्या पुष्कळ पेन्सिलींचं लाकूड पॉपलरचं असतं, आणि त्याच्या पट्ट्यांचा मोठा पुरवठा काश्मीरमधल्या पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावातून होतो. पॉपलर हलकं आणि मऊ लाकूड आहे, धारदार पात्याखाली ते सहज कापलं जातं. पण पातं बोथट झालं की त्याचे तंतू उभे राहतात आणि टोक केसाळ दिसतं. टोक केसाळ दिसलं की पेन्सिलीला नावं ठेवण्याआधी पातं बदलून बघा.

हाताने फिरवायचं, टेबलाला पकडीने लावायचं यंत्र घ्यावं का, असं पालक विचारतात. त्याच्या आत साध्या पात्याऐवजी पिळाचे दाते असलेला रोलर असतो. एचबीसाठी ते फार छान चालतं, टोक लांब आणि एकसारखं येतं, आणि घरात तीन मुलं असतील तर वेळही वाचतो. पण त्याची पकड पेन्सिलीच्या अंगावर दातांचे व्रण उठवते, आणि मेणाच्या रंगीत पेन्सिलींनी त्याचे दाते भरून जातात. माझ्या वर्गात एक आहे, त्यात फक्त ग्रॅफाइट घालतो. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांच्या मी विरोधात आहे. सेल थोडा उतरला की फिरकी मंदावते, मूल पेन्सिल जोराने दाबतं आणि शिसं आत तुटून अडकतं. हातात कितपत जोर द्यायचा हे कळणं हा चित्रकलेचाच भाग आहे, आणि तो अंदाज बॅटरीच्या यंत्रातून येत नाही.

पाचवी पायरी: टोक कसं काढायचं

पेन्सिल आणि शार्पनर एका सरळ रेषेत ठेवा. पेन्सिल आत ढकलायची नाही. ती स्वतःच्या वजनाएवढ्या दाबाने टेकवायची आणि फिरवायची. मनगट एका दमात जितकं फिरेल तितकं फिरवून, पकड बदलून पुन्हा. अर्धा फेरा पुढे आणि अर्धा मागे असं केलं की शिशाला दोन्हीकडून पीळ बसतो. मऊ पेन्सिलीसाठी पेन्सिल उभी, टोक वर, आणि तिच्यावर शार्पनर टोपीसारखा ठेवून शार्पनर फिरवा. अडकलेला तुकडा पेन्सिल आणखी दाबून निघत नाही. शार्पनर उलटा करून टिचकी मारा, नाहीच निघाला तर दातकोरणीने काढा. टाचणी वापरू नका, तिने धारेला खाच पडते. त्या मुलाच्या पात्याला बहुधा तशीच खाच पडली होती.

हे सगळं नीट करूनही एखाद्या पेन्सिलीचं टोक दर सेंटीमीटरला गळून पडत असेल, तर ती पेन्सिल कधीतरी जमिनीवर पडलेली असते. बाहेरून लाकूड धड दिसतं आणि आत शिशाचे तुकडे झालेले असतात. टीएमटीच्या बसमध्ये धक्के खाणाऱ्या पत्र्याच्या कंपासपेटीत पेन्सिली खुळखुळतात, तिथेही हे होतं. कंपासपेटीत जाडसर कापडाची एक घडी घाला. परीक्षेला जाताना पेन्सिली कापडी गुंडाळीत, टोकावर कागदाची सुरळी बसवून न्या. घरूनच प्रत्येक ग्रेडच्या दोन पेन्सिली तासून न्या, आणि शार्पनर दोन ठेवा. पेपरच्या वेळेत शेजाऱ्याकडे शार्पनर मागणं मुलाला अवघड जातं.

पावसाळ्यातली काळजी आणि पातं बदलणं

ठाण्याची हवा जून ते सप्टेंबर इतकी दमट असते की चांगल्या पात्यावरही आठवड्याभरात तांबूस ठिपके दिसतात. पितळी शार्पनर घेतला म्हणून सुटका नाही. अंग पितळेचं असलं तरी पातं पोलादाचंच असतं. काही जर्मन शार्पनरचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. हातात घेतल्यावर ते आश्चर्य वाटावं इतकं हलकं लागतं. ओलाव्यात दोन धातू चिकटून असले की मॅग्नेशियम आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं. म्हणून त्याच्या अंगावर पांढरट थर दिसला तरी पातं चांगलं असू शकतं. कोरड्या फडक्याने पुसा आणि वापरत राहा.

शार्पनर पाण्याने धुवू नका. जुन्या टूथब्रशने भुगा झाडा. महिन्यातून एकदा पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून कापसाने पूर्ण पुसून घ्या. तेल राहिलं तर ते लाकडाला आणि मग चित्राच्या कागदाला लागतं. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणारी छोटी पुडी येते, ती फेकू नका. बंद डब्यात पेन्सिली, शार्पनर आणि ती पुडी एकत्र ठेवा. लाकडाने ओलावा धरला की पेन्सिल किंचित फुगते, भोकात घट्ट जाते आणि साल तुटक निघते. ऑगस्टमध्ये मुलं "ताई, शार्पनर बिघडला" म्हणून येतात, तेव्हा मी आधी पेन्सिल दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवायला सांगते.

पातं बदलायचं काम मोठ्यांनीच करावं. चष्म्याच्या स्क्रूला लागतो तसा बारीक स्क्रू ड्रायव्हर घ्या. उघडण्याआधी पात्याचा जवळून फोटो काढा, म्हणजे नवं पातं कोणत्या बाजूने बसवायचं याचा गोंधळ होत नाही. उलटं बसलं तर ते कापणारच नाही. काही कंपन्या सुटी पाती विकतात. ती मिळाली नाहीत तर त्याच आकाराच्या स्वस्त शार्पनरचं नवं पातं काढून जुन्या चांगल्या अंगाला बसवता येतं, फक्त स्क्रूचं भोक जुळतं का ते बघा. स्क्रू घट्ट करा, पण पिळून टाकू नका. मग एका साध्या एचबीवर सालीची परीक्षा घ्या.

जुनं पातं मुलाच्या कंपासपेटीत, टेबलावर किंवा खिशात राहू देऊ नका. मुलांना ती सुटी पाती गोळा करायला आवडतात आणि त्यांनी बोटं कापतात. ते जाड कागदात गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा, "पातं आहे" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घंटागाडी आली की सुक्या कचऱ्याबरोबर देताना तिथल्या दादांना तोंडी सांगा. कचरा वेगळा करताना त्यांचा हात त्यात जातो.